देवल मास्तरांची तालीम

"पुन्हा घेरी." दिग्दर्शकांनी टाळी वाजवली. सतरंजीवर पडलेली रेवती उठली, ओढणी सावरत पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिली.

सांगलीतल्या एका शाळेचा हॉल. संध्याकाळचे साडेसात वाजलेले. बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच. रेवती झालेली मुलगी दिवसा पतपेढीत काम करते. फाल्गुनराव झालेले काका एसटीतून निवृत्त झाले आहेत. दोन बाकं एकावर एक रचून वर प्लायवूडची चौकट बांधली आहे, ती फाल्गुनरावांच्या माडीची खिडकी. त्या चौकटीत कृत्तिका उभी. राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागासाठी ही हौशी मंडळी गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' बसवत होती.

प्रसंग साधा आहे. रस्त्यानं जाताना रेवतीला घेरी येते. वाटेवरचे फाल्गुनराव पुढे होऊन तिला सावरतात आणि नेमकं तेव्हाच त्यांची बायको कृत्तिका खिडकीतून खाली बघते. वाचायला अर्धं मिनिट पुरतं. त्या संध्याकाळी या अर्ध्या मिनिटावर पाऊण तास गेला. अडचण फाल्गुनरावांच्या डाव्या हाताची होती. हात रेवतीच्या पाठीमागून नुसता आधाराला गेला, तर खिडकीतल्या कृत्तिकेला संशय घ्यायला काही उरत नव्हतं. खांद्यावर गेला, तर समोर बसलेल्या आम्हालाच काका लबाड वाटत होते. हात असा पडायला हवा होता की खालून पाहणाऱ्याला त्यात परोपकार दिसेल आणि वरून पाहणारीला चाळे. काका बिचारे घामाघूम झाले. सातव्या-आठव्या वेळी रेवती किंचित तिरकी पडली, काकांचा हात कोपरातून वळला, खिडकीतून एक बारीकसा हुंकार आला आणि हॉलमधली आम्ही पाच-सात माणसं एकदम हसलो.

दिग्दर्शकांनी लगेच खडूनं जमिनीवर दोन फुल्या मारल्या. एक रेवतीच्या पायाची, एक काकांच्या.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हसू' हा विषय दिला, तेव्हा मला देवल आठवले. आठवले ते त्यांच्या पदांमुळे. 'संशयकल्लोळ' म्हटलं की आपल्या कानात आधी गाणं वाजतं. त्या खडूच्या फुल्या पाहिल्यावर मात्र वाटलं, हे नाटक आपण इतकी वर्षं कानांनीच पाहत आलो. शंभरहून अधिक वर्षं ते हसवतं आहे ते त्याच्या बांधणीच्या जोरावर. आणि ती बांधणी लेखकाच्या खोलीत झालेली नाही, एका तालीममास्तराच्या हातून झालेली आहे. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

हरिपूर

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपूरला गेलो. सांगलीहून हे गाव तीन-चार किलोमीटरवर. कृष्णा आणि वारणा इथं एकमेकींना भेटतात. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि श्रावणी सोमवारी इथं जत्रा भरते. नाटकाशी संबंध नसलेल्या माणसालाही हे गाव ठाऊक असतं ते हळदीच्या पेवांमुळे. इथल्या मातीत खोल पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. तोंड माणूस जेमतेम आत शिरेल एवढं, पोट ऐसपैस. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा बाहेर पडू देतात, मगच माणूस खाली सोडतात. २००५च्या महापुरानं यातली पुष्कळ पेवं बाद केली.

१३ नोव्हेंबर १८५५ रोजी देवल या गावात जन्मले. गावात एक दगडी पार दाखवतात. देवल तिथं बसायचे आणि 'शारदा'ची कल्पना त्यांना तिथंच सुचली, असं गावकरी सांगतात. मी त्या पारावर तासभर बसलो. पाराची जागा नाटककाराच्या कामाचीच आहे. देवळाकडे जाणारा, नदीकडे जाणारा आणि बाजारातून परतणारा असा प्रत्येक माणूस समोरून जातो, आणि बोलणं ऐकू येण्याआधी दिसतात ते नुसते हावभाव. दोन बायका थांबून कुजबुजल्या. एक म्हातारा त्यांच्याकडे वळून बघत पुढे गेला. त्या काय बोलल्या ते त्याला ऐकू गेलं नसणार, पण आपल्याबद्दलच काहीतरी होतं, अशी खूणगाठ बांधून तो गेला, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

हा सगळा मुलूखच नाटकाचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, तोही त्याच आठवणीचा. नाटकाचा नाद असलेल्या प्रांतात देवल जन्मले हे खरं, पण त्यांना घडवलं ते बेळगावनं. तिथं शाळेत त्यांना शिकवायला होते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. संगीत नाटकाचा पाया घालणारा माणूस आणि मराठीतला पहिल्या प्रतीचा नाट्यशिक्षक हे मुळात गुरू-शिष्य होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पुढं देवलांचं आयुष्य किर्लोस्करांच्या नाटक मंडळीभोवतीच फिरत राहिलं.

तसबिरीचा प्रवास

'संशयकल्लोळ'ची गोष्ट देवलांची नाही. ते त्यांनी कधी लपवलंही नाही. त्या काळी रूपांतर कमीपणाचं समजलं जात नसे. देवलांच्या नाटकांत पूर्णपणे स्वतंत्र असं एकच, १८९९चं 'शारदा'. 'मृच्छकटिक' शूद्रकाचं, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचं, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, 'झुंजारराव' म्हणजे शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो'.

हे शेवटचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'झुंजारराव' १८९०चं. नवऱ्याच्या मनात संशय शिरला, एक रुमाल भलत्याच्या हाती सापडला आणि बायकोचा जीव गेला. तीनच वर्षांनी, १८९३ साली, देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. पुन्हा संशय, पुन्हा एक भलत्याच हाती पडलेली वस्तू. रुमालाच्या जागी तसबीर आली आणि रडण्याच्या जागी हसू. एकाच माणसानं एकच विकार एकदा विषासारखा आणि एकदा औषधासारखा वाटून पाहिला. मला देवलांच्या कारकिर्दीतली ही तीन वर्षं फार मोलाची वाटतात.

मूळ गोष्ट मोलिएरची. १६६० साली पॅरिसमध्ये त्यानं 'स्गानारेल' नावाची एकअंकी गंमत केली. एक मुलगी प्रियकराचं चित्र हातात घेऊन मूर्च्छित पडते. शेजारचा गृहस्थ तिला सावरतो, त्याची बायको ते बघते. मुलीच्या हातून पडलेलं चित्र बायकोला सापडतं. ती ते निरखत असताना नवरा मागून येतो. झालं! दोघांनाही एकमेकांविरुद्ध डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळाला. पुढं शंभर वर्षांनी, १७६१ साली, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आर्थर मर्फीनं हे बीज घेऊन 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी नाटक केलं. एका अंकाचे पाच झाले, पात्रं वाढली, संशय नोकरचाकरांपर्यंत पोचला. देवलांच्या हाती आलं ते हे मर्फीचं नाटक.

मोलिएरच्या काळी चित्र म्हणजे रंगवलेलं चित्र. देवलांच्या काळी आपल्याकडे फोटो आला होता, आणि बाईमाणसाजवळ परपुरुषाची तसबीर असणं ही साधी गोष्ट नव्हती. फोटो काढायला माणूस मुद्दाम बसतो आणि मुद्दाम कुणाला तरी देतो. त्यामुळे कृत्तिकेच्या हातातली तसबीर बघितल्यावर फाल्गुनरावांना दुसरं काही सुचणंच शक्य नाही. पुढं तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हातात रेवतीच्या प्रियकराला, अश्विनशेठला दिसते. आपण रेवतीला प्रेमानं दिलेली वस्तू या पोक्त गृहस्थाकडे कशी आली? तिसऱ्या माणसालाही पुरावा मिळाला. अख्ख्या नाटकात सगळे घोटाळे एका चौकोनी कागदाच्या तुकड्यावर फिरतात.

या नाटकात खलनायक नाही, हे तालमीला बसल्यावर मला नव्यानं जाणवलं. 'ऑथेल्लो'त कान फुंकणारा कुणीतरी लागतो. इथं कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकजण जे पाहिलं तेच सांगतो आहे. प्रत्येकाचा डोळा धड आहे, फक्त प्रत्येकजण अर्ध्या प्रसंगानंतर पोचला आहे. म्हणून प्रेक्षक कुणावर चिडत नाही. सगळं माहीत असलेला एकटा तोच, आणि त्याला ते ओरडून सांगता येत नाही.

नावांची कामगिरी तर खास मराठी आहे. पुरुषांची नावं महिन्यांवरून, म्हणजे फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या. बायकांची नक्षत्रांवरून, रेवती, कृत्तिका. आपल्याकडे नक्षत्रांची चक्रगणना अश्विनीपासून सुरू होते आणि रेवतीपाशी संपते, म्हणजे रेवती संपली की लगेच अश्विनी. अश्विन आणि रेवती हे असे शेजारी. उलट फाल्गुन महिन्याचं नातं फाल्गुनी नक्षत्राशी, आणि त्याच्या घरात आली आहे कृत्तिका. पंचांग बघून लग्नं जुळवणाऱ्या समाजाला ही जुळणी आणि न-जुळणी कशी गुदगुल्या करत असेल, याची कल्पना करून पाहावी.

रेवती नायकिणीचीच का

मोलिएरची नायिका सुखवस्तू घरातली लेक आहे. मर्फीची बेलिंडाही खानदानी. देवलांनी मात्र रेवती नायकिणीच्या घरातली केली. हा बदल मी आधी कधी नीट ध्यानात घेतला नव्हता. तालमीच्या मधल्या सुट्टीत चहा पिताना रेवतीचं काम करणाऱ्या मुलीनंच तो प्रश्न काढला. तिला भूमिकेचा सूर सापडत नव्हता.

उत्तर १८९३ सालच्या घराघरांत आहे. तेव्हा पांढरपेशा घरातली मुलगी आठव्या-दहाव्या वर्षी बोहल्यावर चढत असे. दोनच वर्षं आधी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. वयाची मर्यादा दहावरून बारावर न्यायची एवढ्याच गोष्टीवरून महाराष्ट्रात रान उठलं होतं. अशा समाजात वयात आलेली, लग्न न झालेली, स्वतःच्या मनानं पुरुषावर प्रेम करणारी, त्याची तसबीर जवळ बाळगणारी मुलगी रंगभूमीवर आणायची तर ती कुठल्या घरातली दाखवणार? मर्फीची बेलिंडा पुण्यात कुठल्याच वाड्यात सापडली नसती. नायकिणीचं घर ही देवलांची अडचणीतून काढलेली वाट होती.

त्या वाटेवर त्यांना काही वेगळंच गवसलं. अश्विनशेठला रेवतीशी लग्न करायचं आहे, तिला नुसतं ठेवायचं नाही. पण तसबीर दुसऱ्याच्या हातात दिसताच त्याच्या मनात येतं ते सगळ्या जगाच्या मनात आधीपासून असलेलं: शेवटी नायकिणीचीच मुलगी. बेलिंडावर तिचा प्रियकर संशय घेतो तेव्हा तो एका माणसाचा हेकटपणा असतो. रेवतीवर अश्विनशेठ संशय घेतो तेव्हा त्याच्या तोंडून समाज बोलतो. आणि नाटक रेवतीला निर्दोष ठरवतं, तिला मानानं लग्न देतं. 'मृच्छकटिका'तली वसंतसेना देवलांनीच मराठीत आणली होती. ती गणिका, ही गणिकेच्या घरातली. पुढं सहा वर्षांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाऊ घातलेली 'शारदा' त्यांनी उभी केली. बायकांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाकडे देवलांची नजर पुन्हा पुन्हा जाते, विनोद करतानाही.

(जाता जाता एक गैरसमज दूर करतो. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात आणि नाव या नाटकावरून पडलं असं समजतात. ते नाव कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचं. नाटकाची थोरवी त्या उसन्या पुराव्यावाचूनही उभी आहे.)

चहा संपल्यावर पुन्हा तालीम सुरू झाली. अश्विनशेठ तोडून बोलतो त्या प्रवेशात रेवती या वेळी आवाज चढवून भांडली नाही. ती गप्प उभी राहिली, मग एक वाक्य हळू बोलली. दिग्दर्शकांनी मान हलवली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही आणि हसायचंही नव्हतं. विनोदी नाटकात असा एक थंड क्षण लागतो. तो नसेल तर पुढचं हसू पोकळ होतं.

मास्तर

देवलांना मंडळीत मास्तर म्हणत. निर्माता, दिग्दर्शक, लेखक ही आजची वाटणी तेव्हा नव्हती. नाटक कंपनी म्हणजे फिरतं घर. मालक, नट, गवई, साजिंदे, पडदे रंगवणारे, आचारी अशी पन्नासेक माणसं गावोगाव मुक्काम करायची. एका बिऱ्हाडात राहायची, एका पंगतीला जेवायची. नाटककार बाहेरून वही धाडून मोकळा होत नसे. त्या बिऱ्हाडात राहून तो नाटक बसवून द्यायचा. मुलांना बोलायला शिकवायचा, चालायला शिकवायचा, लुगडं नेसून बसायला शिकवायचा. बायकांची कामं पुरुषच करत, तेव्हा हे शिक्षण म्हणजे अक्षरशः नव्या देहाची घडण असे.

देवलांनी या कामात हयात घालवली. स्वतः त्यांनी भूमिका केल्या, पण त्यांचं नाव राहिलं ते दुसऱ्याकडून काम काढून घेण्यात. १८८५ साली किर्लोस्कर गेले, तेव्हा मंडळीला नाटकं हवी होती आणि नाटकं बसवणाराही हवा होता. देवलांनी दोन्ही दिलं. मंडळीतले नट भाऊराव कोल्हटकर यांची वसंतसेना 'मृच्छकटिका'तच गाजली. पुढं १९०५ साली मिरजेत नारायण राजहंस नावाचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत 'शाकुंतला'तली शकुंतला म्हणून उभा राहिला. महाराष्ट्रानं ज्यांना बालगंधर्व म्हटलं त्या नटाच्या अभिनयाचे गुरू देवल मास्तरच.

तालीममास्तरानं लिहिलेलं नाटक ओळखू येतं. वाक्यं लहान असतात, कारण मास्तरानं नटांना लांब वाक्यावर धापा टाकताना पाहिलेलं असतं. प्रत्येक पात्राच्या येण्याला कारण असतं, कारण कारणाशिवाय आत येणारा नट हातांचं काय करायचं म्हणून घोटाळतो हे त्याला माहीत असतं. संस्कृत पंडिती थाटाचं मराठी नाटकात जोरात होतं तेव्हा देवलांची पात्रं घरात बोलतात तसं बोलली. फाल्गुनराव-कृत्तिकेची भांडणं आजही एका शब्दाचा अर्थ न विचारता कळतात. १८९३ साली लिहिलेल्या गद्याबद्दल हे म्हणता येणं ही साधी गोष्ट नाही. त्याच काळातल्या कितीतरी नाटकांच्या वह्या आज कोश घेऊन वाचाव्या लागतात.

देवलांच्या विनोदात कोटी जवळपास नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांच्यामागून गडकरी यांनी मराठी विनोदाला शब्दांची श्रीमंती दिली, तिचं मोल मोठं आहे. पण कोटी कानात हसवते, तिला नट नसला तरी चालतो. देवलांचं हसू पुस्तकात निम्मंच सापडतं. खिडकी, रस्ता, पडलेली तसबीर, मागे उभा राहिलेला नवरा: हे सगळं देहांच्या आणि जागांच्या हिशेबावर चालतं. एक पाऊल चुकलं की हसू गेलं. म्हणून त्या खडूच्या फुल्या.

गंधर्वांचं कल्लोळ

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नव्या कंपनीला नाटकं हवी होती. देवलांनी वीस वर्षांपूर्वीचा गद्य फाल्गुनराव पुन्हा हातात घेतला, त्यात पदं घातली, आणि त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं.

यातली जोखीम ध्यानात घ्यायला हवी. घोटाळ्याचं नाटक वेगावर जगतं. एक माणूस आत जातो तोच दुसरा बाहेर येतो. संगीत नाटक थांबण्यावर जगतं. पद सुरू झालं की गोष्ट उभी राहते, आणि समोर बालगंधर्व असतील तर 'वन्स मोअर' आलाच. म्हणजे घड्याळात मध येऊन सांडणार. देवलांनी याची वाटणी मोठ्या शहाणपणानं केली. नाटकातलं मुख्य गाणं अश्विनशेठ आणि रेवतीकडे दिलं. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्याकडे मुख्यत्वे गद्य ठेवलं. एक जोडपं गाऊन मन मोकळं करतं, दुसरं भांडून. प्रेमिकांचा प्रवेश संथ, नवरा-बायकोचा धावता. श्वास आणि धाप आलटून पालटून. तीन-चार तासांचं नाटक यामुळे पेलतं.

आणि माणसंही तशीच मिळाली. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. बोडस म्हणजे 'मानापमाना'तला लक्ष्मीधर आणि पुढं 'एकच प्याला'तला सुधाकर. एकाच नटानं भेकड विदूषक आणि दारूनं उद्ध्वस्त होणारा नवरा हे दोन्ही गाजवले. फाल्गुनरावाला असाच नट लागतो. कारण फाल्गुनराव स्वतःला मुळीच विनोदी समजत नाही. त्याच्या लेखी त्याचा संसार बुडतो आहे. नट जितका मनापासून कळवळेल तितका प्रेक्षक हसेल. त्यानं प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावला की संपलं.

१४ जून १९१६ रोजी देवल गेले. 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं ते त्याच वर्षी, त्यांच्यामागून. साऱ्या हयातीत दुसऱ्यांची नाटकं उभी करून देणाऱ्या मास्तरांना त्यांच्या सगळ्यात आनंदी नाटकाचा पडदा वर जाताना पाहायला मिळाला नाही.

नाटक मात्र थांबलं नाही. कंपन्या मोडल्या, बोलपट आले, बायका स्वतःच्या भूमिका स्वतः करू लागल्या, 'संशयकल्लोळ' होत राहिलं. अलीकडे राहुल देशपांडे यांचा अश्विनशेठ आणि प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव यांनी ते नव्या प्रेक्षकाला दाखवलं आणि ज्यांच्या घरी नाट्यसंगीत कधी वाजलं नाही अशी मुलंही ते बघायला आली.

प्रयोग

पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा सांगलीला गेलो, प्रयोगासाठी. रंगपटात नारळ फुटला, उदबत्तीचा वास आणि रंगाचा वास एकत्र झाला. ऑर्गनवाले गुरुजी पायानं भाता मारून सूर तपासत होते. दुरुस्त करणारा माणूस जवळपास राहिलेला नाही, त्यामुळे मधल्या सप्तकातला एक सूर चुकवून वाजवायचं त्यांनी हातांना शिकवलं होतं. तिसरी घंटा झाली, नांदी झाली.

मी मुद्दाम नाट्यगृहाच्या कडेच्या खुर्चीत बसलो, म्हणजे रंगमंचाइतकाच प्रेक्षकही दिसेल. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा दहा-अकराचा असेल. पहिल्या पदाला तो चुळबुळला, दुसऱ्याला आजीच्या पिशवीतला चिवडा शोधू लागला. मग रेवती रस्त्यावर आली. तिरकी पडली. काकांचा डावा हात कोपरातून वळला. खिडकी उघडली. बाकं आणि प्लायवूड जाऊन आता रंगवलेली चौकट होती, पण हुंकार तोच. नाट्यगृह हसलं. मुलगा हसला नाही, तो खुर्चीच्या टोकाशी सरकला. तसबीर जमिनीवर पडली होती आणि ती त्यानं पाहिली होती.

कृत्तिका खाली आली. तिनं तसबीर उचलली, उजेडात धरली. काका मागून विंगेतून निघाले, दोन पावलं टाकून थांबले. आणि मुलगा न राहवून मोठ्यानं म्हणाला, "अहो, मागे बघा!" आजीनं त्याच्या मांडीवर चापट मारली. सगळं नाट्यगृह पुन्हा हसलं. काकांनी एक क्षण थांबून ते हसू विरू दिलं, मग वाक्य घेतलं. त्यांनी डोळा मिचकावला नाही. त्यांचा संसार बुडत होता.

प्रयोग संपल्यावर पडदा पाडून सामान आवरत होते तेव्हा मी दिग्दर्शकांना तालमींचा हिशेब विचारला. दोन महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज अडीच-तीन तास. नाट्यगृहाचं भाडं, कपडे, साजिंदे यांचा खर्च कसाबसा उभा राहतो. कुणी वर्गणी देतं, कुणी जाहिरात देतं. तालमीला जागा मात्र कुणी देत नाही. या वेळी एका मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेचा हॉल विनामोबदला दिला म्हणून नाटक उभं राहिलं. त्याआधीच्या वर्षी हीच मंडळी एका गच्चीवर तालीम करत होती आणि अवकाळी पावसानं नाटक बारगळलं होतं.

महाराष्ट्रात हजारो शाळा, मंगल कार्यालयं, ग्रंथालयं, सोसायट्यांची सभागृहं संध्याकाळी सातनंतर कुलूपबंद असतात. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाती अशा एखाद्या जागेची किल्ली असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे: आपल्या गावात नाटक बसवणारी मंडळी शोधा आणि दोन महिने ती जागा त्यांना द्या. जमिनीवर खडूच्या फुल्या दिसल्या तर पुसू नका.